तारा जुळण्याआधीच

एप्रिल १९६८मध्ये ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या अमेरिकन मासिकात एक लेख आला. संगणक हे माणसांनी एकमेकांशी बोलण्याचं साधन आहे, असं सांगणारा. लेखक दोघे, जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर. त्या महिन्यात जगात इंटरनेट नव्हतं. ज्यातून ते पुढे उगवलं ते अर्पानेटसुद्धा कागदावरच होतं, त्याची पहिली जोडणी व्हायला अजून दीड वर्ष होतं. आपल्याकडे मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायलाही चार वर्षं होती. संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, आणि त्यांचं काम पगारपत्रकं काढणं, जनगणनेच्या बेरजा करणं, क्षेपणास्त्रांची गणितं सोडवणं. अशा काळात या दोघांनी लेखाच्या सुरुवातीलाच लिहून टाकलं, की थोड्याच वर्षांत माणसं समोरासमोर बसून बोलतात त्यापेक्षा यंत्रामार्फत अधिक नीट बोलतील.

पुढे वाचत गेलं की अंगावर काटा येतो. पत्र आणि तार मागे पडतील. माणसांचे गट राहत्या गावावरून नव्हे तर आवडीनिवडीवरून जमतील. प्रत्येकाच्या दिमतीला एक अदृश्य मदतनीस असेल. तुम्ही काय वाचता, काय विकत घेता, तुमचे जवळचे मित्र कोण आणि नुसते ओळखीचे कोण, हे सगळं तो टिपून ठेवेल. आणि शेवटी एक प्रश्न: हे सगळ्यांना मिळेल, की थोड्यांनाच?

नव्या यंत्रांबद्दलची भाकितं त्या काळात ढिगाने होत होती. उडत्या मोटारी, चंद्रावरच्या वसाहती, गोळी गिळून भागणारी जेवणं. त्यातलं फारसं काही खरं झालं नाही. मग या दोघांचंच इतकं कसं जमलं? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. आज ज्यांना आपण इंटरनेटचे प्रवर्तक म्हणतो, त्यातले हे दोघेही मुळात अभियंते नव्हते, मानसशास्त्रज्ञ होते. लिकलायडर यांचा अभ्यास ऐकण्याचा: कानात शिरलेल्या ध्वनीतून मेंदू अर्थ कसा काढतो, हा. टेलरही त्याच वाटेने आलेले. यंत्र समोर आलं की अभियंता त्याचा वेग बघतो. या दोघांची नजर यंत्रासमोर बसलेल्या माणसाकडे जायची.

लिकलायडर यांनी ही नजर आधी स्वतःवरच लावली होती. १९५७च्या वसंत आणि उन्हाळ्यात त्यांनी आपल्या कामाच्या तासांची टिपणं ठेवली. विचार करण्याचं काम करणारा आपल्यासारखा माणूस दिवसभर नेमकं करतो काय, हे त्यांना बघायचं होतं. निघालं ते चकित करणारं होतं. ‘विचारा’साठी म्हणून गेलेल्या वेळातला सुमारे ८५ टक्के वेळ नुसत्या तयारीत जात होता. माहिती शोधायची, आकडे एका मापात आणायचे, आलेख काढायचे. आलेख हातात आला की निर्णय काही सेकंदांत व्हायचा. त्याहून बोचणारं पुढचं निरीक्षण होतं. कुठला प्रश्न हाती घ्यायचा, हेसुद्धा ते बुद्धीच्या कुवतीवरून ठरवत नव्हते. त्यातलं कारकुनी काम झेपेल की नाही, यावरून ठरवत होते. हे सगळं १९६०मध्ये त्यांनी एका निबंधात मांडलं. माणूस आणि संगणक यांनी सहजीवन जगावं, ही त्या निबंधाची कल्पना. माणसाने प्रश्न विचारावेत आणि यंत्राने खर्डेघाशी करावी.

त्यासाठी माणसाला यंत्रासमोर बसायला मिळायला हवं. तेव्हा तसं बसता येत नसे. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचं, कधी दुसऱ्या दिवशी यायचं. ही रीत मोडली ‘टाइम-शेअरिंग’ने. एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१मध्ये त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेत गुरुजी पहिलीला पाढा देतात, लगेच दुसरीचं गणित तपासतात, मग तिसरीकडे वळतात. संगणकही तसाच प्रत्येक टर्मिनलकडे क्षणभर लक्ष देऊन पुढे जातो. फरक एवढाच, की तो हे इतक्या झपाट्याने करतो की प्रत्येकाला वाटतं, गुरुजी फक्त आपलेच आहेत. टेलिफोनच्या तारेवरून दुरून जोडलेली माणसंही आता एकाच यंत्रावर काम करू लागली.

आणि इथे कुणी न योजलेली गोष्ट घडली. यंत्राची वाटणी करायला आलेल्या माणसांची आपसांत ओळख झाली. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला उपयोगी पडतो आहे, कुणीतरी आपली फाइल उघडून पाहिली आहे, अमुक प्रश्नावर आणखीही एकजण झटतो आहे, हे त्यांना यंत्रामुळे कळू लागलं. लिकलायडर १९६२मध्ये पेंटॅगॉनमधल्या ‘अर्पा’ या संशोधनसंस्थेत आले आणि अशा यंत्रांना त्यांनी पैसा पुरवला. पुढे त्याच खुर्चीवर टेलर बसले. टेलर या केंद्रांवर जात, तेव्हा त्यांचं लक्ष याच गोष्टीकडे जाई. एरवी ज्यांची गाठच पडली नसती अशा माणसांचा समूह त्या यंत्राभोवती तयार झाला होता.

१९६५मध्ये एमआयटीच्या यंत्रावर टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस या दोन तरुणांनी एकमेकांना निरोप ठेवता येण्याची सोय केली. ईमेलचा हा अगदी सुरुवातीचा अवतार. पुढे १९७१मध्ये यंत्राची देखभाल करणाऱ्यांपैकी एकाने आपल्या खास अधिकारांचा वापर करून यच्चयावत वापरकर्त्यांना युद्धविरोधी संदेश पाठवला. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. व्हॅन व्हलेक त्याला म्हणाले, हे योग्य नाही, लोकांना असला मजकूर नको असेल. त्याचं उत्तर होतं, पण हे महत्त्वाचं होतं! सगळ्यांना सगळं पाठवणाऱ्याची बाजू आजही नेमकी हीच असते.

म्हणूनच १९६८चा तो लेख मला अंदाज वाटत नाही. या लोकांनी काही शे माणसांत जे होताना पाहिलं, तेच कोट्यवधींत होईल तेव्हा काय दिसेल, ते त्यांनी लिहिलं. लहान आकारात भविष्य त्यांच्या समोर आलेलंच होतं. बघायचं ते यंत्राकडे की माणसांकडे, एवढाच निर्णय होता.

टेलर यांच्या पेंटॅगॉनमधल्या खोलीला लागून तीन टर्मिनलं होती. एक सांता मोनिकातल्या यंत्राला जोडलेलं, एक बर्कलीच्या, एक एमआयटीच्या. तिन्हींच्या आज्ञा वेगवेगळ्या. सांता मोनिकातल्या कुणाशी बोलता बोलता बर्कलीतल्या कुणाला काही विचारायचं झालं, तर उठून दुसऱ्या टर्मिनलपाशी जाऊन बसावं लागे. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे का जाता येऊ नये? एवढीच ती कल्पना. १९६६मध्ये टेलर आपले वरिष्ठ चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडे गेले आणि दहा लाख डॉलर मंजूर करून बाहेर आले. टेलर यांच्याच आठवणीनुसार त्या भेटीला वीसेक मिनिटं लागली. अणुयुद्धात तग धरावा म्हणून अर्पानेटचं हे जाळं विणलं, असं आजही अनेक ठिकाणी छापून येतं. टेलर यांनी ते वारंवार नाकारलं आहे. जाळं विणलं गेलं ते वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांची गाठ पडावी म्हणून.

लेखातला एक प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत एक तांत्रिक बैठक भरली. मेजं चौकोनात मांडलेली, त्यांच्या मध्ये दूरचित्रवाणीसारखे पडदे, आणि सगळ्या पडद्यांवर एकाच संगणकातला एकच मजकूर. बोलणारा आपला मुद्दा पडद्यावर उघडायचा. ऐकणाऱ्याला शंका आली की तो हाताखालचा माउस सरकवून नेमक्या ओळीवर बाण न्यायचा. हा माउस त्याच प्रयोगशाळेत जन्मलेला, आणि बाहेरच्या जगाने तो अजून पाहिलेलाही नव्हता. लेखकद्वय सांगतं, की एरवी आठवडा लागला असता ते काम दोन दिवसांत झालं. लिकलायडर आणि टेलर यांना इथे वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप होतं. संवाद म्हणजे एकाच्या डोक्यातला मजकूर दुसऱ्याच्या डोक्यात ओतणं, असं ते मानत नसत. प्रत्येकाच्या मनात विषयाचं एकेक चित्र असतं. ती चित्रं समोर ठेवून, ताडून, दुरुस्त करून एक सामाईक चित्र उभं करणं म्हणजे संवाद. पडद्यामुळे ते चित्र पहिल्यांदाच सर्वांच्या डोळ्यांपुढे आलं होतं. आज पुण्यात एकजण आणि सिॲटलमध्ये दुसरा एकाच दस्तऐवजात एकाच वेळी खाडाखोड करतात, तेव्हा ते त्या चौकोनातच बसलेले असतात.

लेखाच्या शेवटाकडे बेकारी पृथ्वीवरून कायमची नाहीशी होईल, असं एक भाकीत आहे. कारण काय, तर यंत्रांची प्रत्येक नवी पिढी आली की जुने प्रोग्राम तिच्याशी जुळवून घ्यायचे, त्यातल्या चुका शोधायच्या. ते काम इतकं वाढेल, की सगळी मानवजात त्यातच गुंतून जाईल. बेकारी काही गेली नाही. पण हिंजवडीत रोज सकाळी किती मराठी मुलंमुली दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधले बग शोधायला बसतात, ते आठवलं की या भाकिताचा उरलेला अर्धा भाग किती नेमका होता ते कळतं.

२९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातून मेन्लो पार्कच्या यंत्राकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला गेला. दोन अक्षरं पोचली आणि समोरचं यंत्र बंद पडलं. तासाभराने जमलं. पुढचा इतिहास सर्वांना थोडाफार माहीत असतो, म्हणून मी थेट पुढे जातो. दूरची यंत्रं वापरण्यासाठी बांधलेल्या या जाळ्यावर चार वर्षांत भलताच पाहुणा यजमान होऊन बसला. अर्पाने १९७३मध्ये करून घेतलेल्या पाहणीत दिसलं, की जाळ्यावरची तीन चतुर्थांश ये-जा ईमेलची आहे. टेलर यांना याचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

लिकलायडर बघतच होते. १९७८मध्ये अल्बर्ट वेझा यांच्यासोबत लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी ईमेलबद्दल केलेली नोंद मला फार आवडते. या संदेशात माणूस तुटक लिहू शकतो, टंकताना झालेल्या चुका तशाच ठेवू शकतो, तेही वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला, अगदी फारशी ओळख नसलेल्यालाही, आणि समोरचा रागावत नाही! पत्राची औपचारिकता इथे लागत नाही आणि फोनसारखं दोघांनी एकाच वेळी हजर असण्याचीही गरज नाही, हे त्याचे फायदे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहिल्याशिवाय वडीलधाऱ्यांना चार ओळी पाठवायची सोय नव्हती, आणि आज साहेबांना नुसता अंगठा पाठवून कामाला लागता येतं. मानमर्यादेची एवढी मोठी घडी मोडली कधी, हे आपल्याला कळलंसुद्धा नाही. काही हजार माणसांच्या जाळ्यात ती मोडताना त्यांनी पाहिली आणि तेव्हाच लिहून ठेवली.

काहींना त्रासाची बाजूही लवकर दिसली. नोव्हेंबर १९७५मध्ये जॉन पोस्टेल यांनी जेमतेम पानभराचं एक टिपण लिहिलं. जाळ्याच्या नियमांविषयीच्या टिपणांत त्याचा क्रमांक ७०६ आणि विषय नकोशी टपाल. मुद्दा साधा होता. या जाळ्यात एखाद्या यंत्राला अमुककडून येणारे संदेश मला नकोत, असं म्हणायची सोयच नाही; हवे ते संदेश मिळवायचे तर आलेले सगळे वाचावे लागतात. उद्या एखादं यंत्र बिघडलं, किंवा नुसतं पिडायला लागलं, तर काय करायचं? नाकारता येण्याची सोय असावी, असं त्यांनी सुचवलं. अडीच वर्षांनी, मे १९७८मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात चारेकशे जणांना एकगठ्ठा पाठवली. पत्ते इतके होते, की रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले. तक्रारी झाल्या, कानउघाडणी झाली. पोस्टेल यांना हे त्रिकाळज्ञानाने सुचलं नव्हतं. दार आहे पण त्याला आतून कडी नाही, हे पाहिल्यावर काय होणार ते त्यांना समजलं.

इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची यंत्रणा शिकवण्यासाठी उभारली होती, नारिंगी उजेडाच्या पडद्यांची. १९७३मध्ये तिच्यावर ‘टॉकोमॅटिक’ आलं. पाचजण एकत्र गप्पा मारू शकत आणि प्रत्येकाचं अक्षर न् अक्षर टंकलं जाताच इतरांना दिसे. लवकरच अभ्यासासाठीची यंत्रं खेळ आणि गप्पांनी रात्र रात्र जागू लागली, आणि चालकांना त्यावर बंधनं घालावी लागली. इतक्या गप्पांत गैरसमजही आलेच. १९८२मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की गंमत म्हणून लिहिलं असेल तर शेवटी विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा काढावा. १९८५मध्ये रँड या संस्थेच्या नॉर्मन शापिरो आणि रॉबर्ट अँडरसन यांनी ईमेलच्या रीतीभातींवर अहवालच लिहिला. राग आला असेल तेव्हा लगेच उत्तर पाठवू नका, हा सल्ला त्यात आहे.

पॉल बॅरन यांचं मात्र वेगळं. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याने मिळेल त्या वाटेने जायचं आणि पलीकडे पुन्हा जोडून घ्यायचं, ही जाळ्याच्या मुळाशी असलेली युक्ती रँडमध्ये त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. १९६६मध्ये अमेरिकेत सरकारी खात्यांची माहिती एकत्र ठेवणारं राष्ट्रीय केंद्र काढायचा विचार चालू होता. लोक धास्तावले, संसदेच्या समितीने सुनावणी ठेवली, आणि बॅरन तिथे बोलले. त्यांचा मुद्दा असा, की तुम्ही एका इमारतीची भीती बाळगून आहात. पण वेगवेगळ्या कचेऱ्यांतले संगणक एकमेकांना तारेने जोडले गेले, की इमारत न बांधताही तेच केंद्र तयार होतं. उपाय करायचा तर आत्ता, यंत्रणा घडत असतानाच. नंतर तो करणं कठीण जाईल. जोडणीची युक्ती ज्याने शोधली त्यानेच जोडणीचा धोका इतक्या स्वच्छपणे सांगावा, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

बॅरन यांना जे खटकलं, तेच लिकलायडर आणि टेलर यांना लोभसवाणं वाटलं होतं. त्यांच्या लेखातल्या अदृश्य मदतनीसाचं नाव ‘ऑलिव्हर’. ही कल्पना ऑलिव्हर सेल्फ्रिज या शास्त्रज्ञाची, म्हणून त्याला त्यांचं नाव दिलेलं. ऑलिव्हर तुमचं वाचन, खरेदी, गाठीभेटी लक्षात ठेवेल. कुणाचा शब्द तुम्हाला मोलाचा वाटतो, हेही ओळखेल. आणि त्यावरून कुठला निरोप तुमच्यापर्यंत येऊ द्यायचा, कुठल्याचं उत्तर स्वतःच द्यायचं, ते ठरवेल. आज फोन उघडला की हाच ऑलिव्हर समोर असतो. त्याचं प्रत्येक कौशल्य त्यांनी बरोबर सांगितलं. फक्त एका ठिकाणी ते चुकले, आणि ती चूक मला फार महत्त्वाची वाटते. ऑलिव्हर तुमचा असेल, हे त्यांनी गृहीत धरलं. त्याच्या टिपणवहीचा मालक तुमच्याहून वेगळा असेल, ती वही जाहिरातदारांसाठी चाळली जाईल, हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या भोवतालच्या यंत्रांचा खर्च सरकार आणि विद्यापीठं करत होती. तिथे कुणी कुणाला काही विकत नव्हतं. माणसांच्या वागण्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं, पण पैसा कुठून येतो याकडे बघण्याची त्यांना तिथे वेळच आली नाही.

आपापल्या आवडीची माणसं भेटतील म्हणून ऑनलाइन माणूस अधिक सुखी होईल, हेही त्यांनी लिहिलं. ते अर्धं खरं ठरलं. न्यू जर्सीतल्या मराठी घराला नाट्यसंगीताचे चार दर्दी सिडनीत सापडतात, हे सुख लहान नाही. पण शेजारी कोण मिळेल हे आपल्या हातात नसे, आणि त्यामुळे वेगळ्या मताच्या माणसाशी जुळवून घ्यावं लागे. निवडलेल्या सोबतीत ती सवय जाते. लेखात याचा उल्लेख नाही.

लेखातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जड आहे. समाजावर याचा परिणाम चांगला होईल की वाईट, हे त्यांच्या मते मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरणार होतं: ऑनलाइन असणं ही थोड्यांना लाभलेली सवलत असेल, की सर्वांचा हक्क. सवलत ठरली, तर बुद्धीच्या संधींमधली दरी या जाळ्याने आणखी रुंदावेल. लिकलायडर यांनी हा धागा सोडला नाही. १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ लेखात त्यांनी सन २०००ची दोन चित्रं रंगवली, एक भलं आणि एक बुरं, आणि आग्रह धरला, की संगणकाविषयीचे निर्णय लोकांच्या भल्यासाठी घेणं पुरेसं नाही; ते निर्णय घेण्यात भाग घेण्याचं साधन लोकांच्या हातात असायला हवं. १९९०च्या जूनमध्ये ते गेले. वेब अजून लोकांपर्यंत पोचलं नव्हतं.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५पासून, विदेश संचार निगममार्फत. पंचवीस वर्षांनी, करोनाच्या वर्षात, शाळा मोबाइलवर आली आणि कोकणातली मुलं रेंज मिळावी म्हणून टेकड्या चढून बसली. घरात फोन एक आणि शिकणारी तिघं, अशी घरं तर राज्यभर होती. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९मध्ये, केरळ उच्च न्यायालयापुढे सवलत की हक्क हा प्रश्न एका वसतिगृहाच्या नियमावरून आला होता. मुलींनी संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायचा नाही, असा तो नियम. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. तिचं म्हणणं होतं, की मी त्यावर अभ्यास करते. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं, आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला.